काजव्याची गाठ

भिंगरीचे पाय सकाळपासून जमिनीवर ठरत नव्हते. तसे ते कधीच ठरत नाहीत, म्हणून तर मामानं तिला हे नाव ठेवलं होतं. पण आज शनिवार होता, अर्ध्या दिवसाची शाळा सुटली होती आणि संध्याकाळी पाच वाजता ती चौदा हजार लोकांना सांगणार होती की काजवा जिवंत आहे!

काजवा म्हणजे तो उडणारा किडा नव्हे. हा रॉक गायक. तसा हाही उडायचाच म्हणा, स्टेजवरून थेट लोकांच्या अंगावर. बारा वर्षांपूर्वी ऐन दौऱ्यात तो 'अल्पशा आजाराने' गेला. तेव्हा भिंगरी चार वर्षांची होती आणि नाकात मणी घालण्याच्या कामात गुंतलेली होती.

एवढा गडगडणारा माणूस आणि अल्पसा आजार? कुणाचाच विश्वास बसेना. कुणी म्हणे रेकॉर्ड कंपनीनं त्याला पळवलं. कुणी म्हणे तो एका बेटावर शेळ्या पाळतो. त्याच्या दंतवैद्यानं नेमकं त्याच महिन्यात घर बदललं, यावर 'काजवा विझत नाही' या ग्रुपवर लोक सहा वर्षं भांडत होते. आणि सगळ्यांत मोठा संशयित होता पिवळ्या रेनकोटातला माणूस. काजव्याच्या शेवटच्या फोटोत हा माणूस त्याच्या कमरेला धरून त्याला व्हॅनमध्ये चढवत होता. पाठमोरा. चेहरा नाही, नाव नाही, नुसता रेनकोट.

पण भिंगरीचा विषय होता गाठ. काजव्याच्या गिटारच्या तारा खुंटीला एका खास पद्धतीनं बांधलेल्या असत: तीन वेढे, आणि तारेचं टोक आत वळवून तांदळाच्या दाण्याएवढा फास. जगात दुसरं कुणी तसं बांधत नाही, असं ग्रुपचं ठाम मत. आणि गेल्या काही वर्षांत याच शहरात तशा ताज्या गाठी असलेल्या सात गिटारी सापडल्या होत्या. म्हणजे बघा! तो इथंच कुठंतरी आहे आणि लोकांच्या गिटारींना तारा लावतोय. का लावतोय, हे कुणी विचारत नव्हतं.

आठवी गिटार भिंगरीला काल सापडली. मामाच्या टेबलावर.

मामा गिटारी दुरुस्त करायचा. भिंगरीनं गुपचूप फोटो काढला आणि ग्रुपवर टाकलं, 'उद्या पाच वाजता. पुरावा. ताजा.' गेल्या वर्षापर्यंत वर्गात उत्तर द्यायला उभं राहिलं की हिचा आवाज घशातच मुक्काम करायचा. या ग्रुपवर लिहिता लिहिता तो बाहेर पडला आणि आता तिथं तिला सगळे 'पुरावाताई' म्हणत. चाळिशीतले काकासुद्धा!

आता फक्त मामाकडून एवढंच काढून घ्यायचं होतं की काजवा दुकानात येतो कधी.

दुकान म्हणजे एकच लांबट खोली. भिंतीवर गिटारी माना अडकवून लटकलेल्या, सगळीकडे सरसाचा वास आणि लाकडाचा भुसा. भिंगरी स्टुलावर टेकली, उठली, परत टेकली.

"मामा, ही गिटार कुणी आणली?"

"शाळेच्या संगीतबाईंनी."

"आणि तारा कुणी लावल्या?"

"मी."

"खरं सांग ना."

"अगं, दुकान माझं, पक्कड माझी. गाठ काय शेजारचा शिंपी येऊन मारणार?"

"मामा, ही काजव्याची गाठ आहे. मला सगळं कळलंय. तो येतो ना इथं?"

मामाची पक्कड हवेतच थांबली. मग त्यानं एक नवी तार घेतली, खुंटीत ओवली, तीन वेढे दिले आणि टोक आत वळवलं. तांदळाचा दाणा. अर्ध्या मिनिटात. तेही भिंगरीच्या तोंडाकडे बघत, हाताकडे नाही.

"काजव्याला गाठ येत नव्हती गं," मामा म्हणाला. "त्याला बुटाची नाडीसुद्धा धड बांधता यायची नाही. नऊ वर्षं त्याच्या गिटारी मी सांभाळल्या."

भिंगरी खाली बसली. स्टूल तिथं नव्हतं, ती भुशात बसली. तिथून तिला कोपऱ्यातलं भोक पाडायचं यंत्र दिसलं. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून एक जुनाट रेनकोट घातलेला असायचा. लहानपणापासून ती तो बघत होती. रंग उडून लोण्यासारखा झालेला. म्हणजे आधी पिवळा!

"मामा... तू आमचा मुख्य संशयित आहेस!"

"असेन बाबा."

"आईला माहीत आहे?"

"तीच म्हणाली, कार्टीला सांगू नकोस, गावभर करेल."

मग मामानं सांगितलं. तीन दिवस काजव्याचं पोट दुखत होतं. मामा म्हणत होता दवाखान्यात चल, तो म्हणत होता उद्या. चौथ्या दिवशी अपेंडिक्स फुटलं. भर पावसात मामानं त्याला उचलून व्हॅनमध्ये घातलं, पण उशीर झाला होता.

"एवढंच?" भिंगरीच्या तोंडून निघालं, आणि लगेच तिचे कान गरम झाले.

"बघ. तूसुद्धा." मामा हसला, पण नेहमीसारखा नाही. "मी तिघा पत्रकारांना हेच सांगितलं. पहिल्यानं लिहूनच घेतलं नाही. दुसरा म्हणाला, आणखी काही? तिसऱ्यानं विचारलं, असं बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं? माणूस पोटदुखीनं मेला, हे कुणाला चालतच नाही. मग मी गप्प बसलो. लोक मागावर आले, दोनदा दुकान बदललं."

"पण तो दवाखान्यात का जात नव्हता?"

मामानं पक्कड पुसून खाली ठेवली. "सुई. इंजेक्शन म्हटलं की लहान पोरासारखा पलंगाखाली जायचा. तारेचं टोक बोटाला टोचलं तरी रंग उडायचा त्याचा. म्हणून मी टोकं आत वळवायचो. हे कुणाला सांगणार नाही असं मी त्याला वचन दिलं होतं. आज तुला सांगितलं, का कोण जाणे."

भिंगरीचा फोन वाजला. तिची मैत्रीण चष्मिष किंचाळत होती, "अगं, सतरा हजार झाले! वीस मिनिटं राहिली! आहेस कुठं?"

फोन ठेवल्यावर भिंगरीनं भिंतीवरच्या गिटारींकडे बघितलं. तिच्याकडे आता ग्रुपमधल्या कुणाहीकडे नव्हती इतकी मोठी बातमी होती. सांगितली, तर उद्या सतरा हजार लोक या लांबट खोलीत घुसणार आणि मामा तिसऱ्यांदा खोकी भरणार. नाही सांगितली, तर पुरावाताईचं नाक कापलं जाणार. आणि गाठ तर मामा मारतच राहणार. आज नाही तर उद्या कुणीतरी तिचा माग काढत दारात येणारच.

"तुझी बातमी आहे," मामा म्हणाला. "फक्त सुईचं सोड."

भिंगरी उठली, भुसा झटकला. "मामा, मला ही गाठ शिकव. पटकन!"

पहिली गाठ सुटली. दुसऱ्या वेळी तार सटकून तिच्या अंगठ्यात घुसली. "आई गं!" ती ओरडली. मामा म्हणाला, "तोही अस्साच ओरडायचा." तिसरी गाठ बसली, जरा वाकडी, पण बसली.

पाच वाजता तिनं फोन पुस्तकांना टेकवून उभा केला. पाठीमागे कोरी भिंत, समोर गिटार, आणि तिचे हात.

"नमस्कार. माझा पुरावा चुकला," ती म्हणाली. आवाज घशात अडला नाही. "ही गाठ काजवा बांधत नव्हता. त्याच्या गिटारी जे सांभाळायचे, ते बांधायचे. कोण, ते मी सांगणार नाही. त्यांनी काही वाईट केलेलं नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. काजवा आजारी पडला आणि गेला. मला पण नाही आवडलं. पण ही गाठ छान आहे, ती आपल्या सगळ्यांना यायला हवी. तार घ्या. तीन वेढे. टोक आत, म्हणजे बोटाला लागत नाही."

चष्मिषचा फोन लगेच आला. "वेडी आहेस का? चार हजार लोक निघून गेले!"

"तेरा राहिले की," भिंगरी म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिनं तो आकडा परत एकदा बघितला.

साडेसहापर्यंत फोटो यायला लागले. कुणाकुणाच्या गिटारी, पलंगावर, स्वयंपाकघरात, एक तर चक्क मांजराच्या शेजारी, आणि प्रत्येकीवर तांदळाचे दाणे. दोनशे, तीनशे, सहाशे. आता या गाठीचा माग काढत कुणी निघालं तर त्याला सहाशे दारं वाजवावी लागणार होती.

मामानं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एकेक फोटो मोठा करून बघू लागला. "निम्म्यांनी उलटे वेढे दिलेत," तो कुरकुरला. "याला सांग, तार तुटेल म्हणावं. आणि या बाईंची बघ. फक्कड!"

तेवढ्यात ग्रुपवर एक नवा मजकूर झळकला. भिंगरीनं तो मोठ्यानं वाचला, "पुरावाताईला ही गाठ एवढी सहज कशी येते? व्हिडिओत सव्वातीन मिनिटांनी हनुवटी दिसते, ती नीट बघा. मित्रांनो, ही काजव्याची मुलगी आहे!"

खाली शंभर लोकांनी होकार दिला होता. एकानं दंतवैद्यालाही त्यात ओढलं होतं.

मामानं भाचीच्या हनुवटीकडे बघितलं. मग तो हसायला लागला, इतका की भिंतीवरच्या गिटारींच्या तारासुद्धा बारीक गुणगुणल्या.

"हनुवटी माझ्या आईची आहे म्हणावं," तो डोळे पुसत म्हणाला. "आणि ये इकडे. ती तिसरी गाठ सोड आणि परत बांध. संगीतबाईंची गिटार आहे, वाकडी चालायची नाही."