पोटुशी नाही, एवढंच ऐकलं

आमच्याकडे बाईला पाळी आली की ती दूध ठेवायच्या वाळक्या भोपळ्याला हात लावत नाही. शिकलेल्या बायका आता या गोष्टीला हसतात, पण आईच्या घरात अजून तसंच चालतं. मुरसिक, म्हणजे आमचं आंबवलेलं दूध, ज्यात मुरतं ते भोपळे तिच्या नजरेखाली असतात, त्यामुळे घरातली कुठली बाई कधी बाजूला झाली हे तिला न सांगता कळतं. जेलागात नावाची माझी धाकटी बहीण ईतेन गावातल्या धावण्याच्या कॅम्पमधून केव्हाही घरी येवो, बिनदिक्कत भोपळा उचलते, हे आईच्या ध्यानात आलं.

"चेमेली, तुझ्या बहिणीने तोंड काळं केलंय," मला चुलीपाशी ओढून ती म्हणाली.

"काहीतरीच काय, आई."

"मला शिकवू नकोस. पाच बाळंतपणं काढलीत मी. मका पेरला, वाढला, कापून घरात आला, ही एकदाही बाजूला झालेली नाही."

मी जेलागातला गोठ्यामागे गाठलं. "खरं सांग, कोण आहे तो?"

ती हसत सुटली. "ताई, दोन वेळा धावून पाठ टेकते कधी असं होतं, लफडी कधी करू? मला वर्षभर पाळीच नाही. कॅम्पमध्ये कितीतरी जणींना नाही. कोच म्हणतात, ती कटकट थांबली की समजायचं अंग तयार झालं. जिला येते ती जड, तिला आम्ही मालगाडी म्हणतो."

"गाय आटली तर आपण आधी तिचा चारा बघतो."

"मी गाय नाहीये, ताई." बोलताना ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. जांघेत दुखतं, कुणाला सांगू नकोस, म्हणाली. एल्डोरेटची शर्यत तोंडावर आली होती. तिथे पहिली आली तर परदेशात धावायला मिळणार होतं, आणि लंगडणारीला कोच घरी पाठवतो.

आई कुणाचं ऐकणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी तिने जेलागातला दंडाला धरून दवाखान्यात नेलं, मागून मी. नर्सने लघवी तपासली आणि सांगितलं, "पोटुशी नाही ही."

आईने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि शाल सावरून उठली.

"थांबा बाई," नर्स म्हणाली. "मग पाळी का येत नाही? ते आधी बघायला हवं. ही खाते किती? आणि चालते कशी ते पाहिलंत का? हाडाचा फोटो काढल्याशिवाय हिला धावू देऊ नका."

आई तोवर दाराबाहेर गेली होती. वाटेत कुणी विचारो न विचारो, पोर धुतल्या तांदळासारखी आहे म्हणून सांगत सुटली.

"नर्स काय म्हणाली ते ऐकलंस का?" मी विचारलं.

"ऐकलं. नाही म्हणाली." त्या एका 'नाही'ने तिच्या जिवात जीव आला होता, पुढचं तिच्या कानात शिरलंच नाही. मी पुन्हा विषय काढला तर म्हणाली, घरातलं सुख तुला बघवत नाही का. जेलागात तर त्याच संध्याकाळी कॅम्पवर पळाली.

शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या वळणावर नुसतं पाऊल टाकलं आणि खाली बसली, ती उठलीच नाही. कुणी धक्का दिला नव्हता की खड्डा नव्हता. मांडीचं हाड खुब्याशी मोडलं होतं.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं. "धावणं एवढं आणि खाणं चिमणीचं. शरीराने आधी पाळी बंद केली, मग हाडं पोसणं सोडलं. विशीतल्या पोरीला म्हातारीची हाडं आहेत."

"मूलबाळ?" आईने विचारलं.

"आत्ता काही सांगता येणार नाही. पोटभर खाऊ दे, वजन भरू दे, पाळी येऊ दे. शर्यतीचं नाव काढू नका, कदाचित कायमचंच."

आई भिंतीला टेकून खाली बसली. मला तिचा राग आला आणि कीवही आली. मेला कोच एकदाही फिरकला नाही. जेलागातच्या जागी त्याने दुसरी पोर उभी केली, असं कॅम्पमधल्या मुली सांगून गेल्या.

दुपारी आईने मक्याच्या पिठाच्या उगालीचा घास भाजीत बुडवून तिच्या तोंडाशी नेला. "खा गं बाई. खाल्लंस की सगळं जागेवर येईल."

जेलागातने मुकाट्याने घास घेतला. आई पाणी आणायला गेली तशी माझ्याकडे वळली.

"ताई, पाळी परत आली तर मी जड होईन ना?"

"होशील. जड होशील आणि जगशील," मी म्हणाले. माझा आवाज चढला, शेजारच्या खाटेवरची बाई बघायला लागली.

जेलागातने मान फिरवली. गालात धरून ठेवलेला घास तिने हळूच रुमालात काढला आणि रुमाल उशीखाली सरकवला.