माझे हरवलेले तीन सेंटिमीटर

मित्रांनो, माझी उंची दीड मीटर आहे, असे मी गेल्या हंगामापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. प्रत्यक्षात ती एक मीटर सत्तेचाळीस सेंटिमीटर निघाली. हे कसे उघडकीस आले आणि त्यापायी एका बाईंची दोन वर्षांची मेहनत कशी बुडता बुडता वाचली, ती हकीकत आज सांगते.

मी गहू संशोधन केंद्रातली एक लाकडी मोजकाठी. दाराच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्यातून सुताराने मला कापले, रंधा मारला, सेंटिमीटरच्या बारीक रेघा आखल्या आणि दर दहावर लाल आकडा रंगवला. त्यानंतरची एकोणीस वर्षे मी मामांच्या हातात काढली. मामा नेमके कोणाचे मामा, हे केंद्रात कोणालाच ठाऊक नाही; पण संचालकांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. गहू पिवळा पडू लागला, की ते मला रोपाशेजारी जमिनीत घट्ट रोवत, कुसळे सोडून ओंबीचे टोक पाहत आणि आकडा खणखणीत आवाजात उच्चारून मगच लिहीत. "काठी मामांची, आकडा काळ्या दगडावरची रेघ," असे लोक म्हणत. स्तुती कोणाला आवडत नाही? मला तर फारच आवडे.

मग केंद्रात संशोधक म्हणून बाई आल्या. त्यांनी एका उंच गव्हाचा एका बुटक्या गव्हाशी संकर करून त्यांच्या वंशातली एकशे ऐंशी भावंडे वाढवली. प्रत्येकाची शेतात स्वतंत्र ओळ. उंच गहू वाऱ्याने लोळतो, फार बुटका पेंढा कमी देतो; मध्यम उंचीचा हवा असतो. ही उंची ठरवणारी जनुके कुठे बसली आहेत, याचा नकाशा बाईंना काढायचा होता.

गव्हाच्या पेशीत गुणसूत्रांच्या एकवीस जोड्या असतात. बाई प्रत्येक भावंडाचे पान प्रयोगशाळेत तपासून कोणता तुकडा आईकडून आला आणि कोणता बापाकडून, हे नोंदवत. त्या यादीशेजारी माझे आकडे ठेवत. एखाद्या जागी बापाचा तुकडा असलेली भावंडे सरासरीने उंच निघाली, तर उंचीचे एखादे जनुक त्या परिसरात असण्याचा संभव वाढतो. आलेखावर तिथे शिखर दिसते. हा नकाशा गल्ली दाखवतो, घर नाही. तरीही गल्ली कळली, की कोवळ्या रोपाचे पान पाहून ते किती वाढेल याचा अंदाज बांधता येतो.

पहिल्या वर्षी एक सुबक शिखर आले. दुसऱ्या वर्षी काम लवकर उरकावे म्हणून ॲल्युमिनियमची पोकळ नवी काठी आणली. काही ओळी तिने मोजल्या, काही मी. मामांचा खांदा दुखे तेव्हा तेही हलकी म्हणून तिलाच उचलत. मी ते पाहिले होते.

दुसऱ्या वर्षी शिखर गायब झाले. शुक्रवारी बैठक होती. दोन्ही वर्षी शिखर दिसले तरच नवे वाण तयार करणारे रोपे निवडायला ही जनुकाची खूण वापरणार होते. नाहीतर काम बंद.

सोमवारी संख्याशास्त्रज्ञ आले. प्रत्येक आकड्यावर शंका घेतात म्हणून केंद्राने त्यांचे नाव शंकासुर ठेवले आहे, आणि त्यांना ते मनापासून आवडते.

"शिखर कुठं गेलं, बाई?"

"तेच तर शोधतेय. गेल्या वर्षी होतं हो!"

"गेल्या वर्षी माझे केसही होते. मोजलं कोणी?"

"मी आणि मामांनी."

"काठी एकच?"

बाईंनी नव्या काठीकडे पाहिले. मामा मात्र उसळले. "साहेब, हिच्यावर संशय नको. त्या नळीला विचारा, ती कालची आलीय."

"मामा, संशय घ्यायचाच पगार मिळतो मला. आणा दोघींना."

त्यांनी आम्हा दोघींना टेबलाच्या पायाशी उभे केले. नवी म्हणाली शहात्तर. मी म्हणाले एकोणऐंशी. मामा विजयाने हसले. मग शंकासुरांनी सुताराकडून पोलादी टेप आणवली. ती म्हणाली शहात्तर.

कोणीतरी माझ्या तळाचा वाळलेला चिखल खरवडला. खालच्या तीन रेघा तिथे नव्हत्याच. एकोणीस हंगाम मातीत रोवता रोवता मी झिजले होते आणि प्रत्येक रोपाला त्याच्यापेक्षा उंच ठरवत होते. पहिल्या वर्षी मी सगळ्यांशी सारखेच खोटे बोलले, त्यामुळे भावंडांमधला फरक शाबूत राहिला. दुसऱ्या वर्षी योगायोगाने माझ्या वाट्याला बुटक्या ओळी जास्त आल्या, मी त्यांना तीन-तीन सेंटिमीटर वाढवले आणि फरक पुसला गेला.

"पण कुठली ओळ कुठल्या काठीनं मोजली, हे आता कसं कळणार?" बाईंनी विचारले. "शेत तर कापून झालंय!"

मामा खाली मान घालून म्हणाले, "बाई, वहीत आकड्यांपुढं 'ज' बघा."

"ज म्हणजे?"

"जुनी. त्या नळीचं माप हिच्या नावावर जायला नको म्हणून मी प्रत्येक ओळीला लिहून ठेवलं. तुम्ही हिनं मोजलंत तिथंसुद्धा."

शंकासुर खो खो हसले. "मामा, शास्त्रासाठी नाही, पण अभिमानासाठी तरी नोंद ठेवलीत! चालेल, धावेल, पळेल."

'ज'च्या प्रत्येक आकड्यातून तीन वजा केले. शिखर परत आले, अगदी त्याच जागी. शुक्रवारी काम मंजूर झाले. बाईंनी केंद्रभर पेढे वाटले. शंकासुरांनी पेढा खाल्ला आणि बजावले, "दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं. तिसऱ्यांदा मोजा."

मला चुलीत घालतील असे वाटले होते. त्याऐवजी सुताराने माझ्या तळाला बरोबर तीन सेंटिमीटरची पितळी टोपी बसवली. मित्रांनो, जुन्या वस्तू पुसत जा, जपत जा; पण केवळ जुन्या म्हणून त्यांच्यावर विसंबू नका. कोणालाही मोजण्याआधी आपले शून्य जागेवर आहे ना, ते पाहा.

आता रोज सकाळी शेतात जाण्यापूर्वी मामा मला टेबलापाशी उभे करतात आणि विचारतात, "बोल गं, किती?"

शहात्तर, मामा.