सूपभर कोंड्याचं पोर

या सौद्यात चिमाच्या पदरात पडण्यासारखं काही नाही, असं कळंबात सगळे म्हणत. पण चिमा फुकट चिमूटभर मीठही न देणारी बाई; तिने सूपभर कोंडा उगाच काढून दिला नसता. लढाईची वर्षं. तांदूळ रेशनवर, कोंड्याच्याही भाकरी व्हायच्या. तिने मनातल्या मनात मांडून पाहिलं होतं. नवरा गेलेला, पोटी काही नाही, दिवसभर भांडायला काय ती एक कोंबडी. कोंडा गेला तर दोन-चार भाकरी जातील. आलं तर पोर येईल.

शेजारणीची, जयवंताची, दोन मुलं रांगायला लागण्याआधीच गेली होती. तिसरा झाला तेव्हा सासूने, सोनाबाईने, जुनी रीत काढली. पाचवीला पोर सुपात घालून दुसरीला विकायचं, सूपभर कोंड्याच्या मोलाने. सटवीला वाटावं, हे हिचं नव्हेच. पोर आईपाशीच राहतं, तिचंच दूध पितं, पण म्हणायचं दुसरीचं. वर्ष झालं की आईने कोंडा देऊन परत घ्यायचं. तोवर बारसं नाही, नाव नाही, नुसतं कोंड्या.

बाकीच्यांना तो उपचार होता. चिमाने तो खरा धरला.

"जयवंते, माज्या पोराच्या डोक्यावर कडत पानी वततेस व्हय गं?"

"मग तूच घाल न्हाऊ, काकी. तुजंच हाय."

चिमा पदर खोचून बसायचीच. लुगड्याचा धडका काठ फाडून तिने कुंची शिवली, तेव्हा गावाने तोंडात बोट घातलं. जयवंताने मात्र पोराला कधी माझा म्हटलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "काकीचा. मी आपली पाजते."

चैत्रात वर्ष भरलं. जयवंता कोंडा घेऊन काही आली नाही. आज गिरणी बंद, उद्या कोंडा म्हशीने खाल्ला, मग आखाड लागला. चिमाने आठवण करून दिली नाही. तिला काय, जाईल तो दिवस नफ्याचा.

दिवाळीनंतर जयवंताच्या नवऱ्याला, गोमाला, खोपोलीच्या बिजलीघरात काम लागलं. खोली मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी जयवंता चिमाच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"काकी, ह्याला तू ठेव. आता भात खातोय. दोन माज्या पदरातनं गेली. तुजा म्हनून हा ऱ्हायला."

"बघते," चिमा म्हणाली. जयवंता गेल्यावर तिने नवऱ्याचं जुनं धोतर काढून आढ्याला झोळी बांधली आणि तिची गाठ ओढून पाहिली. मागितलं त्याहून जास्त पदरात पडलं होतं.

सकाळी ती धुणं घेऊन नदीवर गेली. करंजाच्या आड जयवंता पोराचे पाय पाण्यात सोडून बसली होती आणि हळू बोलत होती. "नामा... नामू रं, माजी याद येईल का तुला?"

पोराने चटकन मान वर केली. कोंड्या म्हटल्यावर ते कधी असं बघत नसे. ही हाक त्याच्या ओळखीची होती, रोजची.

चिमा धुणं तसंच घेऊन परत फिरली. सौदा झाला खरा. माल कधी विकलाच गेला नव्हता.

गोमा गाडी जुंपत होता तेव्हा ती भरलं सूप घेऊन जयवंताच्या अंगणात आली. "धर."

"ह्ये काय, काकी?"

"कोंडा. आता मला परत दे, अन् पोर घेऊन गाडीत बस."

"कोंडा आमच्या घरचा लागतो," सोनाबाई ओट्यावरून म्हणाली.

"तिच्या हातात हाय तवर तिचाच, वयनी. तुमी गप ऱ्हावा."

जयवंताने सूप उराशी धरलं. "हा बी गेला तर?"

नाही जाणार, असं चिमाच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"ते मला ठावं नाय. कुनालाच नाय. पर नाव तर ठेवलंस ना गं, लबाडे? चोरून हाका मारतेस, म्या ऐकलंय. भ्यायचंच हाय तर त्याला मांडीवर घेऊन भी. खोपोलीत रिकाम्या मांडीनं भिऊन काय करशील?"

जयवंताने सूप पुढे केलं, पोराला उचललं आणि हाक मारली, "नामा!"

"अगं, हळू," सोनाबाई घाबरली.

"नामा!" जयवंता आणखी मोठ्याने म्हणाली. पोर हसलं.

गाडी कर्जतच्या वाटेला लागली. गोमाला नोकरी मिळाली, सोनाबाईला रीत पाळल्याचं समाधान, पोराला नाव. जयवंताला पोर मिळालं आणि त्याच्याबरोबर जन्माची धास्ती. दोन्ही तिने आपल्या हाताने उचलून घेतलं. चिमाकडे सूपभर कोंडा राहिला, तिचाच.

मोल दोन्ही वेळा तिनेच दिलं.