विहिरीच्या वाटेचा पेला

मी एक पेला आहे. चिनीमातीचा, बिनकानाचा, लिंबाएवढा. माझ्यात कॉफी ओततात तीही घोटभरच. आमच्या वाळवंटात पेला काठोकाठ भरणं म्हणजे पाहुण्याला 'पी आणि नीघ' म्हणणं.

मला दमास्कसच्या बाजारातून आणलं ते कप्तान तराद यांच्या आजोबांनी. ते टोळीचे शेख होते. त्या काळी एखाद्या बलाढ्य शत्रूशी गाठ पडणार असली, की शेख भरलेला पेला उचलून विचारत, "हा अमक्याचा पेला. कोण पितो?" जो पिईल त्याने तो शत्रू अंगावर घ्यायचा. प्यालेला पेला परत करता येत नसे. केला, तर सात पिढ्यांची मान खाली. आजोबांनी मला या कामाला क्वचितच काढलं, आणि काढलं तेव्हा त्यांचा स्वतःचा घोडा सगळ्यांच्या पुढे असे.

नातू सैन्यात गेला, वाळवंटातल्या गस्तीच्या चौकीवर कप्तान झाला. घरची आठवण म्हणून त्याने मला सोबत नेलं.

चौकीवरचे सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. हवालदार मुफ्लिहकाका कॉफी भाजायचे, कुटायचे, आणि मी या हातातून त्या हातात फिरायचो. श्लाश नावाचा एक शिपाई होता. वाळूवरचा ठसा पाहून उंटीण गाभण आहे की नाही, ते सांगायचा. त्याचं नुकतंच वदहाशी लग्न झालं होतं.

"लग्नापासून याला उंटाचा माग दिसेनासा झालाय," त्याचा जोडीदार शिपाई हतमल म्हणायचा. "सगळ्या वाटा याच्याच तंबूकडे जातात."

"तुझ्या तंबूकडे तर तुझी शेळीसुद्धा फिरकत नाही," श्लाश म्हणायचा. मुफ्लिहकाका हसताना कॉफी सांडायचे.

चौकीपलीकडे एक विहीर होती आणि मध्ये जुन्या लढाईत पेरलेल्या सुरुंगांचा पट्टा. मेंढपाळांना फार लांबचा वळसा पडे. सुरुंग काढणारी तुकडी शहरातून यायची होती, पण कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मोठे साहेब पाहणीला येणार असल्याचा निरोप आला. त्याआधी विहिरीची वाट मोकळी झालेली दिसली पाहिजे, हे कप्तानांच्या मनाने घेतलं. माणूस वाईट नव्हता. वरच्यांनी पाठ थोपटावी एवढीच भूक होती. पण अधिकाऱ्याची भूक दुसऱ्याच्या ताटातलं मागते.

सरळ हुकूम द्यायला त्यांची जीभ धजेना. हुकूम दिला की जबाबदारी आपली. म्हणून त्यांनी मला पुढे केलं. दुपारी सगळे कॉफीला बसले असताना मुफ्लिहकाकांकडून मला भरून घेतलं आणि उंच धरलं.

"हा विहिरीच्या वाटेचा पेला. कोण पितो?"

कुणी हललं नाही. हतमल स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिला.

"माझ्या आजोबांच्या वेळी असा पेला थंड होत नसे," कप्तान हळूच म्हणाले.

मग श्लाशचा हात पुढे आला. त्याचे ओठ माझ्या काठाला लागले तेव्हा कोरडे होते. मी निसटू शकलो असतो. एवढा गुळगुळीत मी, एरवी कितीदा निसटलो होतो. त्या दिवशी मात्र त्याच्या बोटांत घट्ट बसून राहिलो, कारण मला अभिमान वाटत होता. किती वर्षांनी मला कुणीतरी त्या जुन्या कामाला काढलं होतं.

संध्याकाळी बिनतारी संदेश आला: तुकडी निघाली आहे, पट्ट्यात कुणी पाऊल टाकू नये. कप्तान सुटल्यासारखे धावत आले. श्लाश माझ्याजवळच बसून, सुरुंग चुकवून जाणारी वाट दाखवायला खुणेच्या काठ्या तासत होता.

"राहू दे, श्लाश. तुकडी येतेय."

"हुकूम असता तर राहू दिलं असतं, साहेब."

"मग हा हुकूम समज."

"पेला सगळ्यांदेखत प्यालोय. आता थांबलो तर वदहाच्या भावांपुढे कोणत्या तोंडाने बसू? तुम्ही शेखांचे नातू. हे तुम्हाला मी सांगायचं?"

त्याला कोंडून ठेवता आलं असतं. पण त्यासाठी चारचौघांत 'माझं चुकलं' म्हणावं लागलं असतं. कप्तान आपल्या खोलीकडे परत गेले.

सकाळी श्लाश बहुतेक पट्टा पार करून गेला. त्याने रोवलेल्या काठ्या एका रांगेत उभ्या होत्या. मग आवाज झाला. जीव वाचला, डावा पाय गुडघ्याखाली गेला.

त्यानंतर चौकीवर कुणी कुणाची थट्टा केली नाही. काही महिन्यांनी कप्तान मला खिशात घालून श्लाशच्या तंबूत गेले. "हा तुझा," म्हणत त्यांनी मला त्याच्यापुढे ठेवलं. श्लाशने माझ्यातच त्यांना कॉफी दिली. त्यांनी ती न पिता खाली ठेवली. आमच्याकडे पाहुणा असा पेला ठेवतो, तेव्हा त्याचं काही मागणं असतं. यजमानाने 'प्या' म्हटलं, की मागणं मान्य झालं.

"माफी मागायला आलोय," कप्तान म्हणाले.

"पायाची माफी केव्हाच दिली, साहेब. पण त्या दिवशी जे गप्प बसले, त्यांना लोक भेकड म्हणतात. हतमलचं ठरलेलं लग्न मोडलं. खरे शहाणे तेच होते. हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगा. मग या, गरम कॉफी देईन."

माझ्यातली कॉफी गार झाली आणि वाळूत ओतली गेली. कप्तान निघून गेले. ते परत येतील असं मला वाटलं नव्हतं.

पण ते आले. चौकीतली माणसं घेऊन, हतमल आणि त्याचे रुसलेले सासरे यांनाही घेऊन. सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "हुकूम द्यायला मी घाबरलो, म्हणून पेला पुढे केला. हे गप्प बसले ते बरोबर होते. भेकड मी होतो."

"कॉफी मीच ओतली होती, साहेब," मुफ्लिहकाका पुटपुटले.

"प्या, साहेब," श्लाश म्हणाला.

हतमलचं लग्न झालं. तो आता येतो तेव्हा श्लाशच्या लाकडी पायाचा माग कसा ओळखायचा, यावर दोघं हसतात. पुरुषांचं आपापसांत मिटलं. मी मात्र माझ्या त्या अभिमानाची माफी कुणाकडे मागू? पेल्याला कोण 'प्या' म्हणणार? तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर एवढं ऐका: त्यांना हुकूम द्या. चुकला तर तो मागे घेता येतो. त्यांच्या अब्रूला हात घालून काम करून घेऊ नका.

मी आता वदहाच्या फडताळात असतो. ती मला रोज धुते, पुसते, बाकीच्या पेल्यांबरोबर मांडते. पण माझ्यात ओतत नाही. परवा एका पाहुण्याने मला उचललं आणि म्हणाला, "हा सुरेख आहे, यातच दे."

वदहाने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "त्यातली आमच्या वाट्याची पिऊन झाली," ती म्हणाली, आणि दुसरा पेला भरला.