तीन चपट्या दातांचा अडॅप्टर

मी एक जुना अडॅप्टर आहे. मुठीत मावेन एवढा, पांढऱ्याचा पिवळट झालेला. माझ्या पाठीला आपल्याकडची गोल दांड्यांची पिन जाईल अशी भोकं आहेत आणि पोटाला तीन जाड, चपटे पितळी दाते. मित्रांनो, हे दाते आपल्या घरातल्या बोर्डात बसत नाहीत. म्हणून सीताबर्डीच्या एका दुकानात मी वर्षभर धूळ खात पडलो होतो. गिऱ्हाईक यायचं, शेजारचा चार्जर घेऊन जायचं. माझ्याकडे कोण बघणार?

एके दिवशी नंदनवनातल्या सरिताबाई नवऱ्याला, देवाजींना घेऊन आल्या. देवाजींनी कन्हानजवळच्या कोळसा खाणीत तीस वर्षं ड्रिल मशीन चालवलं होतं. त्या मशीनने पगार दिला आणि कान नेले. मुलगी वैभवी दहावीत पहिली आली, तेव्हा सत्काराला ते पुढच्याच रांगेत बसले होते, तरी बायकोला विचारावं लागलं, "पुकारलं का वं नाव?" आता तीच वैभवी इंग्लंडमध्ये एम.एस्सी. झाली होती. पदवीदानात तिचं नाव पुकारणार होते. ते आपल्या कानांनी ऐकायचं म्हणून देवाजींनी कानाचं मशीन घेतलं होतं. ते एका पेटीत ठेवून रोज चार्ज करावं लागे.

दुकानदाराने एक भलामोठा अडॅप्टर पुढे केला. "काकू, हा घ्या. सब कंट्री में चलता."

"थो नोको, भाऊ." सरिताबाईंनी मोबाईल काढला. "पोरीनं तिच्या खोलीतल्या बोर्डाचा फोटो धाडला. याच्यात बसंल, असाच दाखवा."

"अवं, एवढं काहून पाहून राहिली? कोणतंबी घे," देवाजी म्हणाले.

"कोणतंबी कसं घेऊ? नाव ऐकायचं आहे ना तुम्हाले?"

मग त्यांनी माझे दाते फोटोतल्या भोकांशी ताडून पाहिले. पेटीच्या चार्जरवरचे बारीक आकडेही दुकानदाराकडून वाचून घेतले. ते बरंच केलं, कारण मी फक्त पिनेचा आकार बदलतो; विजेचा दाब कमी-जास्त करणं माझ्या हातात नाही. इतकं पारखून मला कधी कोणी घेतलं नव्हतं. खरं सांगतो, माझी छाती फुगली.

इंग्लंडला पोचल्यावर वैभवीच्या खोलीतल्या बोर्डात मी असा घट्ट बसलो, की जन्माचं सार्थक झालं. समारंभाच्या सकाळी देवाजींनी पेटीची पिन माझ्यात खोचली, लाल दिवा लागलेला पाहिला आणि ते आंघोळीला निघाले. जाता जाता त्यांनी बोर्डाचं बटण बंद केलं! पाळी संपली की शेवटच्या माणसाने सगळी बटणं बंद करून निघायचं, ही खाणीतली शिस्त त्यांच्या बोटांत मुरली होती. मी ओरडणार कसा? मला तोंड नाही. दिवा विझला आणि मी तासभर नुसता बसून राहिलो.

सभागृहात मशीनने देवाजींच्या कानात दोनदा टूं टूं केलं आणि ते बंद पडलं. वैभवी केव्हाच खाली रांगेत जाऊन उभी राहिली होती. देवाजींचा चेहरा एवढासा झाला.

"बटण म्याच बंद केलं वं. पुन्हा तेच झालं. तूच ऐक, मंग मले सांगजो."

सरिताबाईंनी नकारार्थी मान हलवली, त्यांच्या कानातलं मशीन काढून घेतलं आणि त्या उठल्या. पेटी आणि मी त्यांच्या पर्समध्येच होतो. इतकी पारखून आणलेली वस्तू मागे सोडणाऱ्या त्या नव्हत्या. दाराशी उभ्या असलेल्या गोऱ्या बाईंना त्यांनी मला दाखवलं, मग कानाकडे बोट केलं. इंग्रजीचा एक शब्द लागला नाही. बाईंनी भिंतीतला बोर्ड दाखवला. मी बसलो, पेटी लागली, आणि बटण कोणी बंद करू नये म्हणून सरिताबाई त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आत नावांमागून नावं पुकारली जात होती. वैभवीच्या वर्गाची नावं यादीत शेवटाकडे होती, हे आमचं नशीब. पंचवीस मिनिटांनी सरिताबाई मला नि पेटीला घेऊन धावल्या. देवाजींनी मशीन कानात घातलं. दोन नावं गेली. आणि मग आवाज आला, "वैभवी देवाजी मेश्राम."

टाळ्या थांबल्या. देवाजी डोळे पुसत म्हणाले, "मायंबी, बापाचंबी नाव घेतलं वं त्यायनं."

मित्रांनो, पुढे शेजारचा अश्विन मला अमेरिकेला घेऊन गेला. तिथला बोर्ड कसा असतो, हे त्याने कोणाला विचारलं नाही. मी बसेना म्हणून जोर लावला, माझा एक दाता वाकवला आणि "बेकार आहे" म्हणून मला परत आणून दिलं. मला फार वाईट वाटलं. आता मी सरिताबाईंच्या घरी बोर्डाखालच्या खणात पडून असतो. तुम्ही परदेशी निघाल तेव्हा आधी तिथला बोर्ड पाहा, आपल्या यंत्रावरचे आकडे वाचा, मग आमच्यातला एक निवडा. आणि जो बसत नाही त्याच्यावर जबरदस्ती करू नका; त्याची जागा कुठेतरी दुसरीकडे असते.

देवाजी आजही आंघोळीला जाताना पंखा, दिवा, टीव्ही, सगळी बटणं बंद करतात. पेटीचं बटण तेवढं चालू ठेवतात. दारापर्यंत जाऊन परत येतात, लाल दिवा पुन्हा पाहतात, मगच जातात. रोज संध्याकाळी वैभवीचा फोन येतो, तो त्यांना ऐकायचा असतो.