माघारी वळलेली काहील

पंचशीलाने सुपातली तूर वर उडवली, झेलली, आणि फोलकटं फुंकत म्हणाली, "वाच की, नागू. हात पाखडायलेत, कान रिकामेच हायत."

नागसेनने चष्मा पुसला, पुस्तक उघडलं, पुन्हा मिटलं. निर्णा गावी बहिणीच्या अंगणात बसून स्वतःची कविता वाचणं त्याला भर सभेतल्या भाषणापेक्षा अवघड जात होतं. एवढ्यात फोन वाजला. उद्या हुमनाबादला त्याच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं, आणि कार्यक्रमाची सगळी धावपळ करणारा अमरेश विचारत होता, "सर, उद्या कुठला भाग वाचणार?"

"काहिलीचा. दुसरा कुठला असणार!" नागसेन म्हणाला.

कलबुर्गीच्या कॉलेजात त्याने उभा जन्म इंग्रजी कविता शिकवली. त्यातही त्याचा जीव होता तो डोंगरांच्या आणि तळ्यांच्या कवींवर. आपली जीवनकहाणी सांगताना आईबापाआधी वादळाचं नाव घेणारे, आपल्याला घडवलं ते एका कड्याने असं छातीठोकपणे लिहिणारे ते कवी. निसर्गापुढे माणूस केवढासा, हे सांगता सांगता नागसेनचा स्वर चढायचा. पोरं विचारायची, "सर, हे परीक्षेला येतंय का?" सर म्हणायचे, "आयुष्याला येतंय." पोरं निमूटपणे नोट्स मागायची.

निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःची दीर्घकविता लिहिली. ती म्हणजे त्याचं आत्मचरित्रच, आणि ते सगळं उभं होतं लहानपणीच्या एका संध्याकाळवर. त्या दिवसांतली आता अक्काच तेवढी उरली होती. तिने एकदा "व्हय, असंच झालतं" म्हटलं, की उद्या त्याचा आवाज कापणार नव्हता. त्यासाठीच तो आदल्या दिवशी तिच्या गावी आला होता.

त्याने घसा साफ केला.

त्या वर्षीचा हंगाम संपून शिवशंकरप्पाचं गुऱ्हाळ उठलं होतं. नागसेनचे वडील त्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारायचे. रस आटवायची मोठी काहील घासूनपुसून तळ्याच्या काठावर ठेवलेली असायची. तळं भरलेलं असलं की तिच्यात पोती घालून पलीकडच्या वस्तीवर न्यायची, म्हणून तिच्या कडीला लांबलचक दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या बाभळीला. आठ वर्षांच्या नागूने एका संध्याकाळी ती परस्पर पाण्यात ढकलली, वल्ह्याला एक फावडं घेतलं. गुऱ्हाळ, तळं, काहील हे पंचशीलाला ठाऊकच होतं, म्हणून त्याने थेट पुढचं वाचलं.

"गाठ मी सोडली बाभळीची, चोराच्या बोटांनी.
गोल काहील गोल फिरली,
आणि जिकडे तोंड करावं
तिकडून डोंगर उठून आला.
फावडं टाकलं. डोळे मिटले. तळाशी पडून राहिलो.
हात न लावता काहील माघारी वळली.
त्यानेच मला परत धाडलं.
जे माझं नाही, त्याला
पुन्हा कधी हात लावला नाही मी."

सूप थांबलं होतं. नागसेनला आतून बरं वाटलं. तूर पाखडणारी अक्का थांबली म्हणजे कविता पोचली.

"हात न लावता?" पंचशीलाने विचारलं.

"तेच तर, अक्का. मी वल्हवत नव्हतो, वारा नव्हता. डोंगराने पाठवलं मला."

"आन् दोर?"

"कुठला दोर?"

"काहिलीचा. गाठ तू झाडाची सोडलास की. कडीची कुठं सोडलास? दोर तुझ्या मागं मागं पाण्यात जायलता."

नागसेनने पुस्तकात पाहिलं, जणू दोर तिथे लिहिलेला असेल.

"अप्पानं मला धाडलं तुला जेवायला बोलवायला," पंचशीला सांगू लागली. "तळ्याकडं गेले तर दोराचं टोक काठावरनं सरकायलंय. तसंच धरले. पाण्यात उतरायचं तर मला पवता कुठं येतंय? मंग वढत बसले. बाभळीला पाय लावून वढले. तू काठाला लागलास तसा उडी मारून जो पळालास, मागं बघितलास बी न्हाई. मी लव्हाळ्यात पडलेली."

"मला एकदाही बोलली नाहीस!"

"कुणापाशी बोलू? शिवशंकरप्पाच्या कानावर गेलं असतं तर अप्पाचं काम गेलं असतं. आई म्हणली, हाताची सालं कामून निघाली, तर म्हणलं चिपाडानं कापलं. मंग तू शिकायला उदगीरला गेलास, मी लगीन होऊन इकडं आले. सांगायचं राहूनच गेलं बघ."

तिने सुपातला एक खडा वेचून लांब फेकला. नागसेनने पुस्तक मिटलं. त्याला राग आला होता, आणि तोही बहिणीचाच, हे कळून तो अधिकच ओशाळला. कॉलेजातला खडूचा तुकडासुद्धा त्याने कधी घरी नेला नव्हता. नेमणुकांच्या वेळी लोक पाकिटं घेऊन दारात यायचे, तेव्हा तो डोंगर आठवायचा आणि दार लावून घ्यायचा. सहकारी त्याला चेष्टेने "डोंगरबाबा" म्हणत, आणि त्याला ते मनातून आवडे. आणि आता कळत होतं, की त्या संध्याकाळी त्याला परत आणलं ते ओल्या परकरातल्या एका चौदा वर्षांच्या पोरीने. पुस्तकात तिचा कुठे उल्लेख आहे का, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. आजारपणाच्या भागात एका ओळीत "कुणीतरी पेज पाजली" असं होतं.

"उद्या दुसरंच काहीतरी वाचतो," तो म्हणाला. "ते पावसाचं वगैरे आहे, ते चालेल. डोंगराचं खोटंच निघालं सगळं."

"खोटं कामून?"

"अक्का, तूच तर सांगितलंस आता. डोंगराने काही केलंच नाही. दोर होता."

पंचशीलाने सूप खाली ठेवलं. घरांच्या पलीकडे, माहेराहून दिसायचा तोच बोडका डोंगर होता, आणि सूर्य त्याच्या खांद्याला टेकला होता. ती तिकडे बघत राहिली, मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "दोर व्हता. पण डोंगर आलता की."

"म्हणजे?"

"दिस बुडायलता. डोंगराची सावली पलीकडनं पाण्यावर आली. बघता बघता निम्मं तळं काळं झालं. तू तिच्यात गेलास तो दिसेनाच झालास. काहील दिसंना, तुझं डोकं दिसंना. दोर तेवढा हालायलता. मंग ती सावली सरकत सरकत माझ्या पायावर आली, नागू. असं गार लागलं! आता ह्यो मला बी उचलतोय, असं वाटलं. अजून बी सांजच्याला त्या अंगाला मी पाठ करूनच बसते. ह्यांनी किती येळा इचारलं, पण मला सांगताच आलं न्हाई. आज तू वाचलास, तवा म्हणलं, व्हय, असाच आलता त्यो."

आता नागसेनच्या लक्षात आलं, की आल्यापासून अक्का पूर्वेकडे तोंड करून बसली होती. त्याला वाटलं होतं, ती ऊन चुकवते आहे.

"मग तू पळाली का नाहीस?" त्याने हळूच विचारलं.

"पळावं वाटलं की. लई वाटलं. पण हातात दोर व्हता."

"सोडायचा की मग."

पंचशीलाने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी पाढा चुकला की ती असंच बघायची.

"सोडू कसा? दुसऱ्या टोकाला तू व्हतास."

तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. डोंगराची सावली घरांवरून अंगणाच्या तोंडाशी आली होती. नागसेन खुर्चीवरून उठला, खुर्ची उचलून तिच्या मागे आणली आणि डोंगराच्या बाजूला, तिच्या पाठीशी, बसला. ती तूर पाखडत राहिली.

फोन पुन्हा वाजला.

"सर, निमंत्रणाचा मेसेज पाठवायलाव सगळ्यांना," अमरेश म्हणाला. "काहिलीचाच भाग ना, नक्की?"

"काहिलीचाच," नागसेन म्हणाला. "पण तो अजून लिहून व्हायचाय."

पलीकडे अमरेश गोंधळला. "सर, पुस्तक तर छापून आलंय की!"

"व्हय," नागसेन म्हणाला. "घाईच झाली."