निळ्या पेटीतला ताजा तुकडा

मित्रांनो, इस्पितळातल्या उपयोगी वस्तूंची नावे सांगा म्हटले, तर तुम्ही स्टेथोस्कोप सांगाल, सुऱ्या-कात्र्या सांगाल, मोठमोठी यंत्रे सांगाल. माझे नाव कुणाच्या तोंडी येणार नाही. मी एक जुनी निळी बर्फपेटी आहे. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशरमधल्या एका गिरणीगावाच्या इस्पितळात माझे आयुष्य गेले.

जाड भिंती, घट्ट झाकण आणि दोन कड्या घेऊन मी कारखान्यातून आले. पहिली दहा वर्षे मी लशी वाहिल्या. मग लशींसाठी वेगळी गाडी आली आणि माझी रवानगी प्रयोगशाळेतल्या सिंकखाली, फिनेलच्या बादलीशेजारी झाली. तिथे किती हिवाळे गेले, ते मी मोजले नाहीत.

एके दिवशी डॉरीन बूथरॉइडने मला बाहेर ओढले. डॉरीन ही प्रयोगशाळेतली सर्वांत जुनी तंत्रज्ञ. जिभेने तिखट, हाताने अचूक. मला घासता घासता ती क्लाइव्हशी बोलत होती. क्लाइव्ह म्हणजे रुग्णांना आणि नमुन्यांना इकडून तिकडे नेणारा इस्पितळाचा हमाल. त्याचे गुडघे कायम कुरकुरत.

"आजवर गाठ कापली की फॉर्मॅलिनमध्ये बुडवायची. लोणच्यासारखी टिकते. पण आतली अक्षरं विस्कटतात रे! आता कॅन्सरच्या गाठीतली जनुकांची अख्खी पोथी वाचणार आहेत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. त्याला तुकडा ताजा लागतो. गार लागतो. आणि तासाभरात लागतो."

"म्हणजे माझ्या गुडघ्यांची वाट लागणार."

"गुडघे घरी ठेव. पाय तेवढे घेऊन ये."

पण मित्रांनो, नवी रीत कागदावर लवकर येते, हातात मात्र उशिरा उतरते. मला पहिल्यांदा शस्त्रक्रियेच्या खोलीत ठेवले, तेव्हा डॉक्टर हॅलिवेल हसले. "या पेटीत काय, सँडविच आणलीत?" सगळे हसले. बावीस वर्षे सुरी चालवलेला तो माणूस. त्यांना माझे कसले कौतुक!

त्या दिवशी टेबलावर एडविन सगडेन होते. गिरणीत माग दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. "वाचा माझ्यातलं सगळं," संमतीच्या कागदावर सही करताना ते म्हणाले होते, "लपवण्यासारखं या वयात काय राहिलंय!" तुकडा माझ्यात ठेवायला शिकवलेली नर्स नेमकी त्या दिवशी बदलली होती. मी चार पावलांवर बर्फ घेऊन बसले होते. डॉक्टरांनी गाठ काढली, सवयीने हात लांब केला, आणि अख्खी गाठ फॉर्मॅलिनच्या भांड्यात पडली. मला ओरडता आले असते तर!

खाली तळघरातल्या प्रयोगशाळेत डॉरीनने माझे झाकण उघडले. आत नुसता बर्फ. तिने तो सिंकमध्ये ओतून दिला. 

दुसऱ्या दिवशी क्लाइव्हने येऊन सांगितले, "हॅलिवेल स्वतः गेले होते सगडेनकडे. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, चूक आमची. म्हातारा काय म्हणाला माहीत आहे? गेला धागा गेला डॉक्टर, पुढचं कापड तरी वाचवा."

सगडेन शरद ऋतूत गेले. पोथी वाचली असती तर ते वाचले असते का? कुणालाच ठाऊक नाही. डॉरीनला हेच खुपत राहिले.

मग फेब्रुवारीतला एक शुक्रवार आला. नोरा पिकर्सगिल, वय एकेचाळीस, नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवणारी बाई. मांडीत गाठ, फुप्फुसात ठिपके. सुईने काढलेल्या कणावरून कॅन्सर आहे एवढे कळले होते, पण कोणत्या जातीचा ते कळत नव्हते. औषध कोणते द्यायचे?

शस्त्रक्रिया लांबली. प्रयोगशाळा पाचला बंद होणार, ती थेट सोमवारी उघडणार. तोवर तुकडा कुजला असता. चार वाजून दहा मिनिटांनी हॅलिवेलांनी स्वतःच्या हाताने तो तुकडा माझ्यात ठेवला. "क्लाइव्ह, पळ!"

लिफ्ट बंद होती. चार मजले उतरायचे आणि पटांगण ओलांडून तळघर गाठायचे. तिसऱ्या मजल्यावर माझी एक कडी तुटली आणि झाकण उडू लागले. क्लाइव्हने मला छातीशी कवटाळले, तेव्हा त्याला चिठ्ठीवरचे नाव दिसले.

"पिकर्सगिल बाई? आमच्या पोरीला, रूथला, हिनंच पोहायला शिकवलं की!"

मग त्याने गुडघ्यांचा विचार सोडला. पटांगणात बर्फावरून पाय घसरला. तो दाणकन गुडघ्यावर आदळला, पण मला त्याने दोन्ही हातांनी वर धरले होते.

डॉरीन दारातच उभी होती. "होतास कुठं? आणि लंगडतोस का? पडलास?"

"मी पडलो. पेटी नाही पडली."

गाठी तपासणारे डॉक्टर ओसागी अंगात कोट चढवून घरी निघाले होते. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. पातळ काप घेऊन ते सूक्ष्मदर्शकावर वाकले. 

"मेलेल्या पेशी आहेत सगळ्या. यातून काही वाचता यायचं नाही."

डॉरीनने ओठ आवळले. "कडेचा घेऊन बघा."

दुसरा काप.  क्लाइव्ह गुडघा चोळायचा थांबला.

"हं... आहेत. जिवंत आहेत. भरपूर आहेत!"

तुकडा गोठवून ठेवला तेव्हा पाच वाजून पाच मिनिटे झाली होती. सोमवारी, नोराच्या रक्ताच्या नळीसोबत, तो जनुके वाचणाऱ्या दूरच्या केंद्रात रवाना झाला. तुलना करायला निरोगी पोथीही लागते ना!

केंद्रवाले तीन आठवडे म्हणाले होते. पाचवा आठवडा लागला. नोराला आता बोलताना धाप लागत होती. क्लाइव्ह तिला एक्स-रेला न्यायचा आणि परत येऊन सांगायचा, "ती विचारते, झाली का पोथी वाचून?"

"तीन अब्ज अक्षरं आहेत म्हणावं," डॉरीन म्हणायची, आणि त्याची पाठ वळली की केंद्राला फोन लावायची. "वाचताय का नुसतं बोट फिरवताय? इथे बाईचा श्वास कमी पडतोय!"

छत्तिसाव्या दिवशी उत्तर आले. दोन जनुके तुटून एकमेकांना भलत्याच जागी चिकटली होती आणि पेशींना 'वाढा, वाढा' असा हुकूम देत सुटली होती. सूक्ष्मदर्शकाला हे दिसलेच नसते. आणि नेमक्या त्याच सांध्यावर चालणारी गोळी अस्तित्वात होती. डॉरीनने कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि उगाचच माझे झाकण पुसत बसली.

गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत फुप्फुसातले ठिपके निम्मे झाले. नोरा पूर्ण बरी झाली असे कुणीही म्हणाले नाही, मीही म्हणणार नाही. पण उन्हाळ्यात ती तलावाच्या उथळ भागात कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. क्लाइव्ह बघून आला. "अजून तश्शीच ओरडते पोरांवर," तो म्हणाला आणि नाक शिंकरू लागला.

आता हॅलिवेल सुरी हातात घेण्याआधी विचारतात, "पेटी आली का?" कुणी हसत नाही. नवी पेटी आली आहे, तिच्यावर तापमानाचा आकडा झळकतो. माझी कडी चिकटपट्टीने बांधून डॉरीनने मला फळीवर ठेवले आहे. नवी नर्स आली की डॉरीन मला तिच्या हातात देते. परवा एकीने मला उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "बर्फ भरायचा, तुकडा ठेवायचा, द्यायचा. एवढंच?"

"एवढंच," डॉरीन म्हणाली. "आणि एवढं चुकलं, तर पुढचं काहीच कामाचं नाही."

मित्रांनो, तुमच्याही वाट्याला कधीतरी असे 'एवढेच' काम येईल. त्या कामाच्या टोकाला कोण वाट पाहत आहे, ते तुम्हाला दिसणारही नाही. माझी एकच विनवणी आहे. ते काम नुसत्या सवयीवर सोडू नका.